माझाच पार्ट असेल

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जनरल शिफ्ट सुटायच्या वेळेला एक्स्लो पॉइंटच्या आसपास एखादी कार मधोमध बंद पडली, की आधी हॉर्न वाजतात आणि मग निदानं सुरू होतात. हॉर्नचा भर लवकर ओसरतो. चार-दोन दुचाक्या कडेला लागतात, हेल्मेट आरशाला अडकतं, डब्याची पिशवी हँडललाच लोंबत राहते आणि निळ्या-करड्या गणवेशातली माणसं बॉनेटपाशी जमतात. गाडीवाला बहुधा बाहेरगावचा असतो. गरवारे पॉइंटवरून आत शिरून सातपूरमार्गे त्र्यंबकेश्वरला निघालेला, मुंबई नाहीतर ठाण्याचं पासिंग, मागच्या सीटवर मंडळी. एवढी माणसं आपल्याकडे येताना पाहून तो आधी बिचकतो. भांडायला आलीत असं त्याला वाटतं.

"काका, सेल्फ मारा बघू एकदा."

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही.

"फिरतंय ना, म्हणजे बॅटरी आहे. आता सेल्फ नका मारू, नुसती चावी फिरवा. काकू, तुम्ही सीटखाली कान द्या. बारीक आवाज येतो का पंपाचा?"

काकू वाकतात, कान देतात, मान हलवतात. आवाज नाही. मग कुणीतरी फ्यूजची पेटी उघडतो, हॉर्नचा रिले उपटतो आणि पंपाच्या रिलेच्या जागी दाबून बसवतो. बऱ्याच गाड्यांत हे दोन्ही रिले एकाच जातीचे असतात. गाडी सुरू होते. हॉर्न मात्र आता वाजणार नाही, आणि बिनहॉर्नची गाडी घेऊन नाशिक ओलांडायचं म्हणजे काय, हे त्या मुंबईकराला समजावून सांगताना सगळ्यांना भलताच आनंद होतो.

नेहमीच असं झटपट जमतं असं नाही. पुष्कळदा निदान चुकतं, गाडी ढकलत कडेला नेतात, टोइंगवाल्याची वाट बघत काका-काकू चहाच्या टपरीवर बसतात. मला गंमत वाटते ती निदानांची. वायरिंग हार्नेसच्या कंपनीतला माणूस म्हणतो, कनेक्टर सैल झाला असणार. रबर मोल्डिंगवाला म्हणतो, कुठली तरी ओ-रिंग गेली, हवा खेचतेय. शीट मेटलमधला सांगतो की अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असतो, खालचा रंग खरवडला नाही की असंच होतं. स्प्रिंगवाल्याला स्प्रिंग आठवते. दिवसभर जे हातून गेलं तेच डोक्यात आधी येणार, हे खरंच. पण आणखी एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. आपला पार्ट सोडून बाकीच्यांच्या पार्टवर बोट ठेवणारा इथे सहसा कुणी नसतो. प्रत्येकाला पहिला संशय येतो तो स्वतःच्याच मालाचा. "माझाच पार्ट असेल," असं तोंडाने कुणी म्हणत नाही, पण बॉनेटमध्ये वाकून तो पहिला हात तिथेच घालतो.

मी स्वतः कारखान्यात कधी काम केलेलं नाही. पण सिडकोत राहतो, आणि सिडकोत राहणारा माणूस कारखान्यापासून फार लांब राहूच शकत नाही. सिडकोने इथे सहा योजनांत घरं बांधली, ती मुख्यतः सातपूर आणि अंबडच्या कामगारांच्या भरवशावर. 'कुठे राहता' विचारलं तर जुनी माणसं अजून गल्ली सांगत नाहीत, कितवी स्कीम ते सांगतात. या घरांना जाडजूड भिंती नाहीत. शेजारच्या घरात रात्री अकरानंतर कुकरची शिट्टी झाली की समजायचं, सेकंड शिफ्टवाला आला. पहाटे साडेपाचला बंबाचा धूर आला की फर्स्ट शिफ्टवाला निघाला. गल्लीतल्या पोरांच्या वह्यांना घातलेली कव्हरं कधीकाळी ड्रॉइंगच्या रद्द झालेल्या कागदांची असत. सहावीतल्या मुलाच्या भूगोलाच्या वहीवर गिअरचा छेद. आणि ज्या घरात आजीचा दिवस अजून पंचांगावर चालतो, त्या घरातला मुलगा जेवता जेवता 'पोका-योके' आणि 'काइझेन' हे कारखान्यातले जपानी शब्द म्हणतो, अगदी 'भाकरी' आणि 'ठेचा' म्हणावं इतक्या सहज.

अंबडमध्ये अख्खी कार कुठेच होत नाही. तिथे होतात ते तुकडे: ब्रॅकेट, क्लिपा, बुश, गॅस्केटं, दाबून काढलेले पत्रे, कातून काढलेल्या पिना. कार होते पलीकडे सातपूरला, महिंद्राच्या कारखान्यात. बोलेरो, स्कॉर्पिओ तिथल्या. सातपूरलाच बॉशमध्ये डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर होतात. ती कंपनी २००८ साली बॉश झाली, तोवर ती मायको होती, आणि गावातला चौक आजही मायको सर्कलच आहे. नोझलच्या टोकाला असलेली छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात, आतल्या सुईला मोकळीक मिळते ती दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड. हे आकडे मी कुठल्या पुस्तकात वाचण्याच्या आधी गल्लीत ऐकले आहेत, गणपतीच्या मांडवात, रात्रीच्या जागरणाला.

गाड्या पूर्वीही बंद पडत. किंबहुना पूर्वी त्या जास्तच बंद पडत. मामांची फियाट होती, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याला बनलेली. मे महिन्यात दादरहून नाशिकला येताना कसाऱ्यापर्यंत ती गुण्यागोविंदाने यायची आणि घाट लागला की चेहरा बदलायची. आधी थोडी ओढ कमी व्हायची. मग एक गचका. मग दोन. मामा म्हणायचे, "धरलं बरं का हिने." आणि पुढच्या वळणाआधी जागा बघून गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबायचे. त्या गाडीचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. चढावर इंजिन तापलं की पंपातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ व्हायची. पंप द्रव ढकलायला केलेला, वाफ त्याच्याने ढकलली जात नाही. कार्बोरेटर कोरडा पडायचा. यावर उपाय एकच, मामी तो आधीच तयार ठेवायची. थर्मासमधलं गार पाणी, जुन्या पंचाचा तुकडा. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तशी ती ओली घडी पंपावर ठेवायची आणि सगळ्यांनी दरीकडे तोंड करून उसाचा नाहीतर काकडीचा समाचार घ्यायचा.

त्या थांबण्यात आम्हा मुलांना काही वावगं वाटत नसे, कारण त्याच घाटात समोर रेल्वे दिसायची आणि तिलाही तीच अडचण. थळ घाटातला हा रेल्वेमार्ग १८६५ सालचा, चढ सदतीस फुटांना एक फूट. कसाऱ्याला गाडी थांबायची, मागून बँकर इंजिनं लागायची आणि ती भलीमोठी मेल मागून ढकलत इगतपुरीपर्यंत चढवायची. एवढ्या मोठ्या गाडीला धक्का लागतो तर आपल्या फियाटला लागला म्हणून काय झालं! धक्का देणं हा तेव्हा प्रवासाचा भागच होता. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून ठेवायचा, चार जणांनी पाठ लावायची, वेग आला की क्लच सोडायचा. इंजिन धडधडून पेटलं की ढकलणारे टाळ्या पिटायचे आणि गाडीवाला थांबायचा नाही, थोडं पुढे जाऊन हात दाखवायचा. थांबला तर परत बंद पडेल म्हणून.

डिझेलवाल्यांची तऱ्हा वेगळी. जीपने 'एअर घेतली' की ती बंद. टाकीत डिझेल तळाला गेलं किंवा नळीला कुठे बारीक चीर पडली की लाइनमध्ये हवा शिरायची. मग खाली उतरायचं, पान्याने स्क्रू सैल करायचा, हाताच्या पंपाने डिझेल मारत राहायचं. आधी फेस येतो, मग फुसफुसत बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. घोटी, वाडीवऱ्हेकडचे काळी-पिवळीवाले हे काम अंधारात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने करायचे. हात डिझेलने माखलेले, तोंडात विझलेली बिडी. (ती विझलेलीच असे, असं मी आजवर धरून चाललोय.)

या सगळ्या बंद पडण्यात एक ओळखदेख होती. गाडी खोकायची, गचके द्यायची, मिसिंग करायची. काय होतंय ते चालवणाऱ्याला पाठीच्या कण्यातून कळायचं आणि जागा बघून कडेला घ्यायला वेळ मिळायचा. अलीकडच्या गाड्या फार कमी बंद पडतात, पण पडतात तेव्हा काही सांगत नाहीत. इंजिन चालू असतं, आणि मग नसतं. मध्ये काही नाही.

क्रँक सेन्सरचंच घ्या. इंजिनाचा मुख्य दांडा कुठल्या क्षणी कुठे आहे हे हा अंगठ्याएवढा सेन्सर संगणकाला सांगतो, त्यावरून इंधन कधी सोडायचं, ठिणगी कधी टाकायची ते ठरतं. सेन्सरच्या पोटात केसाहून बारीक तारेचं वेटोळं असू शकतं. ती तार कुठे पिचलेली असली तर थंड असताना ती जोडलेली असते, इंजिनाच्या धगीने पसरली की सुटते. दांडा फिरतोय हे संगणकाला कळेनासं होतं. जो फिरत नाही त्याला इंधन कशाला द्यायचं, असा त्याचा हिशेब; तो इंधन तोडतो. तुम्ही महामार्गावर ऐंशीच्या वेगात असा की शंभरच्या. अर्धा तास गाडी कडेला उभी राहिली, गार झाली, की तार परत जुळते आणि सेल्फ मारताच इंजिन काहीच न घडल्याच्या थाटात सुरू होतं. वर्कशॉपमध्ये नेली तर तिथे तर ती शहाणीच वागणार. स्कॅनर लावला आणि पी ०३३५ असा कोड सापडला तर नशीब. नाहीतर, "साहेब, काही प्रॉब्लेम दिसत नाही. दोन दिवस चालवून बघा."

दोन दिवस चालवून बघायचं म्हणजे काय, ते सांगणाऱ्याला माहीत असतं, पण तो गाडीत बसणार नसतो. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारं बळही संपत येतं. आधीच्या साठ्यावर एक-दोनदा पेडल नेहमीसारखं दबतं, नंतर लाकूड होतं. म्हणून अशा वेळी ब्रेक पुन्हापुन्हा मारायचा नाही, एकदाच दाबायचा आणि धरून ठेवायचा. स्टिअरिंग जड होतं, पण वळतं, जोर लावायचा. चावी मात्र पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप बसतं. हे कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवताना मी ऐकलेलं नाही. आठचा आकडा काढायला मात्र सगळे शिकवतात.

आता कसारा घाट टाळूनही जाता येतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. डोंगराच्या पोटातून जाणारा साधारण आठ किलोमीटरचा बोगदा आहे तिथे. मामांना अर्धा-पाऊण तास, फियाट रुसली तर दीड तास लागायचा, ते अंतर आता कडेची दरीही न दिसता सरतं. सोय मोठी आहे, मीही तिकडून जातो. पण बोगद्यात एखादी गाडी दिवे लुकलुकवत उभी दिसली की पोटात गोळा येतो. तिच्यासाठी कुणी थांबत नाही, थांबूही नये, मागून येणारा काय वेगात असेल सांगता येत नाही. तिथे मदत येते ती कॅमेऱ्यात दिसल्यावर, गणवेशात. एक्स्लो पॉइंटवरची गर्दी तिथे कुठून यायची?

पण असं गाडी थांबण्याची सुरुवात कधीकधी कारखान्यातच झालेली असते. शेजारचे भाऊ क्वालिटीत होते. व्हर्नियर आणि गेजांवर त्यांचं आयुष्य गेलं. गो-नो गो गेज म्हणजे काय ते त्यांनी मला त्यांच्या ओट्यावर बसून समजावलं होतं: एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मध्ये काही नाही. "आकडा वाचायचाच नसतो," ते म्हणाले, "आकडा वाचला की माणूस विचार करतो, आणि विचार केला की सूट देतो." शिफ्ट संपायला दहा मिनिटं असताना, टार्गेटला चाळीस नग कमी असताना, एखादा नग गेजच्या तोंडाशी किंचित अडून आत जातो. जोर लावला की जातो. तो लाल पेटीत टाकायचा की हिरव्या ट्रेमध्ये, हे बघायला त्या क्षणी कुणी नसतं. बहुतेक लोक लाल पेटीत टाकतात. मला अंबडबद्दल खरा आदर वाटतो तो इथे. पण सगळे टाकत असतील असं भाऊही म्हणायचे नाहीत.

भाऊंमुळेच अमेरिकेतली एक गोष्ट माझ्या कानावर आली, कारण २०१४ साली ती त्यांच्या कंपनीत ट्रेनिंगला सांगितली गेली होती. जनरल मोटर्सच्या शेवरले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांचं चावीचं स्विच नको तितकं हलकं फिरायचं. जुडगा जड असला, गाडीला दणका बसला किंवा चालवणाऱ्याचा गुडघा लागला, की चावी आपोआप एक घर मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंगची मदत बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही बंद. कंपनीत हे कित्येक वर्षं ठाऊक होतं. २००५च्या अखेरीस डीलर्सना सूचना गेली होती, की ग्राहकांना जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या २०१४ साली, फक्त या स्विचपायी सुमारे २६ लाख. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

भाऊंना त्यातला सर्वांत लागलेला तपशील वेगळाच होता. मधल्या काळात कुणीतरी ते स्विच गुपचूप दुरुस्त केलं होतं. आतला दट्ट्या आणि त्याची स्प्रिंग थोडी लांब केली, जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास. पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करणाऱ्याला कागदावर दोन्ही स्विचं एकच दिसत. गाड्या कशामुळे बंद पडतात हे शोधणारे त्या एका नंबरपाशी येऊन वर्षानुवर्षं अडकले. शेवटी एका खटल्यात एका इंजिनिअरने दोन स्विचं खोलून शेजारी ठेवली तेव्हा फरक दिसला. "ड्रॉइंग बदललं आणि रिव्हिजन नंबर बदलला नाही!" भाऊ हे सांगताना अजूनही तावातावाने बोलतात. एकशेचोवीस माणसांचा आकडा ऐकून ते गप्प होतात, पण रिव्हिजन नंबरवर मात्र चिडतात. आधी मला हे विचित्र वाटायचं. आता नाही वाटत. अंबडमधल्या पाच माणसांच्या शेडमध्येसुद्धा कोपऱ्यातल्या टेबलावर ड्रॉइंगची फाइल असते आणि तिच्यावर रिव्हिजन लिहिलेलं असतं. तेवढं पाळलं असतं तर बाकीचं टळलं असतं, असा त्यांचा सरळ हिशेब.

त्या प्रकरणाचा चौकशी अहवाल ॲन्टन व्हालुकस या वकिलांनी लिहिला. कंपनीतल्या लोकांनी त्यांना तिथल्या एका सलामाबद्दल सांगितलं. दोन्ही हात छातीवर एकमेकांवरून न्यायचे आणि बोटं बाहेरच्या बाजूला, दुसऱ्यांकडे रोखायची. मीटिंगमध्ये प्रश्न आला की हा सलाम. जबाबदारी माझी नाही, त्याची. हे वाचलं तेव्हा मला एक्स्लो पॉइंटवरची बॉनेटमध्ये वाकलेली माणसं दिसली, आपल्याच पार्टपाशी पहिला हात नेणारी. मोठ्या कंपन्यांचा घोटाळा बहुधा इथेच होत असावा: हात पार्टपासून जितका लांब जातो, तितकं बोट दुसऱ्याकडे वळायला मोकळं होतं.

पण मोठ्या कंपनीलाही वाकता येतं. जुलै २०२१मध्ये महिंद्राने शेअर बाजाराला कळवलं, की नाशिकच्या कारखान्यात एका विशिष्ट दिवशी आलेलं इंधन दूषित असल्याचा संशय आहे, आणि त्यामुळे काही डिझेल गाड्यांच्या इंजिनांचे भाग वेळेआधी झिजलेले असू शकतात. २१ जून ते २ जुलै या काळात बनलेल्या गाड्या, ६००हून कमी. तपासणी आणि दुरुस्ती फुकट. बातमी राष्ट्रीय वर्तमानपत्रांत चार ओळींची आली. सिडकोत ती बरेच दिवस चालली. कारण इथे प्रत्येकाला त्या तारखा ऐकल्यावर आधी हेच आठवलं, की त्या दिवसांत आपण कुठल्या शिफ्टला होतो.

दूषित इंधनाने इंजिन का झिजावं, हे ओट्यावर मला पुन्हा एकदा शिकवलं गेलं. कारखान्याच्या लाइनच्या टोकाला नवीन गाडीत थोडं डिझेल भरतात, ती पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहते ती त्या डिझेलवर. आताच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हजार-दोन हजार बारपर्यंत जातो, आणि तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं तेल नसतं. डिझेल हेच त्याचं वंगण. तेच बिघडलं की धातूवर धातू घासतो. हे घासणं आवाज करत नाही. गाडी शोरूममधून हार घालून निघते, पेढे वाटले जातात, सप्तशृंगीला जाऊन येते. ती पुढे कधी, कुठल्या वळणावर थांबली असती, थांबली असती की नाही, कुणी सांगावं? तेव्हा थांबली असती तर त्या अनोळखी रस्त्यावर नाशिकच्या त्या एका दिवसाचं नाव कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

गाड्यांच्या थांबण्याचा आणखी एक प्रकार अंबडला फार जवळून माहीत आहे. २०१९च्या मंदीत गाड्या विकल्या जात नव्हत्या. महिंद्राने, बॉशने 'नो प्रॉडक्शन डे' जाहीर केले. वर लाइन थांबली की खाली पिना कातणाऱ्याचं लेथ थांबतं, मग त्याला बार पुरवणाऱ्याचा टेम्पो. टपरीवाला दुधाची पिशवी कमी घेतो. त्या पावसाळ्यात एमआयडीसीत दुपारी इतकं शांत असायचं की शेडच्या पत्र्यावरचा पाऊस लांबूनच ऐकू यायचा. आणि पुढच्याच मार्चमध्ये लॉकडाउनमुळे तर सगळंच थांबलं. तेव्हा भाऊंचा मुलगा घरी बसून कंटाळला आणि त्याने ओट्यावर जुन्या स्कूटरचं इंजिन खोलून परत जोडलं. परत जोडल्यावर दोन वॉशर उरले. स्कूटर मात्र सुरू झाली. भाऊंनी ती परत खोलायला लावली.

आपल्याकडे गाड्या परत बोलावण्याची पद्धत तशी अलीकडची. वाहन कंपन्यांच्या संघटनेने २०१२ साली स्वतःहून नियम केले, पण ते ऐच्छिक होते. २०१९ला मोटार वाहन कायद्यात बदल झाला आणि १ एप्रिल २०२१पासून सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी सरकार सक्तीने गाड्या परत बोलावायला लावू शकतं. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. तरीही पत्र आलं की लोक गाडी घेऊन जात नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाकडे असं पत्र महिनाभर फ्रिजवर चुंबकाखाली होतं आणि त्याच्या मागे किराण्याची यादी. 'चालतेय की व्यवस्थित' हे त्याचं म्हणणं. दुसऱ्याला वाटलं की सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पैसे काढायची युक्ती काढलीय. तिसरा म्हणाला, दोष आहे असं कबूल केलं म्हणजे गाडीची किंमत उतरते, विकायला जाताना भाव पडतो.

मला यांचं उलट वाटतं. ज्या गाडीबद्दल कंपनीने 'आमचाच पार्ट असेल' असं लिहून पाठवलंय, ती गाडी मी जास्त भरवशाने घेईन. तुमच्या घरी असं पत्र किंवा मेसेज आला असेल, तर तो शोधा. नसेल आला, तर कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघता येतं. तो नंबर आरसीवर असतो. नंबर निघाला तर गाडी घेऊन जा, बदललेला जुना पार्ट बघायला मागा. त्यासाठी पैसे पडत नाहीत.